सात घरं, आठ भिंती

कडा,
५ फेब्रुवारी १९९८

हनुमान,

तुझा वाळूजचा पत्ता काकूकडून, तुझ्या मायेकडूनच घेतला. गोधडीच्या घडीत तिनं तुझ्या मनीऑर्डरचं कुपन जपून ठेवलंय. माझ्या हातात देईना. म्हणाली, "हितंच बस, बघ आन् लिहून घे." मी बसलो, लिहून घेतलं, तेवढ्यात कुपनाची घडी परत गोधडीत गेलीसुद्धा.

काम असं आहे. आमचा थोरला, वीरेशअण्णा, नगरहून आला होता. आमचं चार नंबरचं घर पाडून तिथं स्लॅब टाकायचा म्हणतो. खाली शटर, एसटीडी बूथ, झेरॉक्स, वर दोन खोल्या. आता चार नंबर पाडायचं म्हणजे चार आणि पाचच्या मधली भिंत जाणार. ती जेवढी आमची तेवढी तुमची. काकूला विचारलं तर तिनं पाटावरून हलायच्या आधीच सांगितलं, "हनुमानाची बी भिंत हाय ती. तो हो म्हनला तर पाडा. त्याच्याबिगर कुदळ लावून दाखवा मला."

अण्णा माझ्यावर चिडला. म्हणे तुझा दोस्त आहे, तूच लिही. म्हणून लिहितोय. सोबत संमतीचा कागद आहे. खाली पेन्सिलीनं फुली केली आहे तिथं सही कर आणि उलट टपाली पाठव. अक्षयतृतीयेला काम काढायचं आहे.

तू यायची गरज नाही. चार वर्षं आला नाहीस, एका सहीसाठी एसटीचे धक्के कावून खायचे?

काकू ठीक आहे. खुब्याचं हाड जुळलं पण पाय आखूड राहिला. घरात पाट सरकवत सरकवत सगळं करते. पाणी मी भरतो, रोज दोन घागरी, मी गावात असलो तर. नसलो तर आमची आई पाठवते कुणाला तरी. तसा मी मधे मधे जाऊन येतो. मागच्या दिवाळीला कारखान्यावर उसाच्या गाड्यांना नंबर घालायचं काम होतं, त्याच्या आधी जामखेडला एका फोटोवाल्याकडं. तो माणसांना काश्मीरच्या पडद्यापुढं उभं करायचा. एक म्हातारा आला आणि म्हणाला मला माझ्या बैलासंगट काश्मीरमधी उभं कर. केलं बे आम्ही. बैल पडदा खाऊ लागला.

असो. सही तेवढी पाठव.

रवि, चार नंबर


कडा,
२६ फेब्रुवारी

हनुमान,

तुझं उत्तर नाही. कागद पोचला नसेल म्हणून दुसरा पाठवतोय. काल शिवरात्र झाली, आईनं काकूला रताळी दिली.

धुळाजी गवंडी येऊन गेला. टेपचं एक टोक त्याच्याकडं, एक माझ्याकडं. दिवसभर मी घर मोजत फिरलो. आपण जन्मलो तिथं, पण घराची लांबी मला माहीत नव्हती. तीन खण रुंद, सहा खण खोल. सातही घरं अगदी तेवढीच. बोटभर इकडंतिकडं नाही. धुळाजी म्हणाला, "येका फळीनं मापून बांदल्याली हायती. ज्यानं बांदलं त्याला कुनाशी दुजाभाव करायचा न्हवता."

मग मी आमच्या आप्पांना विचारलं, कुणी बांधली. आप्पा सांगायला बसले की उठत नाहीत, तुला ठाऊक आहे. एक नंबरच्या दारावर तो दगड आहे ना, ज्याच्यावर आपण कैऱ्या फोडायचो, त्याच्यावर उर्दूत लिहिलंय. मौलानांना बोलावून वाचून घेतलं. सन १३०९ फसली. निजामाचं साल. म्हणजे शंभर वर्षांना दोन कमी. नेमका मोठा दुष्काळ तेव्हाच होता.

आप्पांच्या आज्याकडून आलेली गोष्ट अशी. राधाकिशन शेटला इथं पेठ वसवायची होती. त्यानं सात घराणी आणली. आमचे तेलाचे व्यापारी, तुमचे चकलांब्याचे शेतकरी, धान्य मोजणारे मापारी म्हणून. दगड फोडायला गावोगावची माणसं दारात बसलेली होती, पण त्यांना मजुरी म्हणून धान्य द्यायचं होतं आणि शेटकडं धान्य मोजकं. मग शेटनं कारागिराला विचारलं, सात घरांना भिंती किती लागतील? कारागीर म्हणाला, सुटी बांधली तर बाजूच्या चौदा. शेट म्हणाला, चिकटून बांध, आठात होईल. सहा भिंतींचं धान्य वाचलं. आणि ते वाचलेलं धान्य कुठं ठेवायचं, तर त्याच मधल्या सहा भिंतींच्या पोटात.

बळद आपल्याला नवीन नाही. पण धुळाजीबरोबर नगरचा एक इंजिनिअर पोरगा होता, त्याला समजावताना माझी दमछाक झाली. भिंत दोन हात जाड, मधे पोकळ, त्यात ज्वारी. वर माळवदावर, म्हणजे मातीच्या छतावर, तोंड, तिथून ओतायची. खाली दोन्ही घरात एकएक भोक, लाकडी खुंटा काढला की ज्वारी पडते. दोन घरांचं धान्य एकत्र. कुणी किती घेतलं ते कोण बघतं, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, आपल्या खुंट्याचा आवाज पलीकडं जातो, म्हणून कुणी जास्त घेत नाही. तो हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय.

त्याला मी हेही सांगितलं की मधल्या भिंतीत खुंटी ठोकायची तर पलीकडं विचारायचं. इकडं खिळा मारला की तिकडं फळीवरची ताटं वाजतात. तुझा अँटिना आठवला मला. तूही विचारायला आलतास. आप्पा म्हणाले होते, "लाव की. आमी बी बघू क्रिकेट." वीस फुटी पाइप. तू माळवदावर उभा राहून हलवायचा आणि खालून काकू ओरडायची, "मुंग्याच दिसायलेत रं, मुंग्या!"

त्याच पावसाळ्यात भिंत फुटली. तुझ्या बाजूला. काकू खुंटा काढत होती आणि दगड तिच्या अंगावर आले. ज्वारी भिजून फुगलेली होती. सगळे म्हणाले, अँटिनाच्या पाइपानं भिंतीला चीर पाडली, तिथून पाणी मुरलं. आप्पा तर ओट्यावर उभं राहून बोलले तुला, बाजारच्या दिवशी, सगळ्यांपुढं. "तुज्या टीव्हीनं तुज्या मायचा पाय खाल्ला." मी नव्हतो तेव्हा. मी ट्रकवर गेलतो. मला नंतर आईनं सांगितलं.

हे सगळं कशाला लिहितोय? सही पाठव. भिंत गेली म्हणजे मागचं सगळं गेलं. तुलाही बरं.

रवि

ता. क. काकू तुला कधीच बोलली नाही. एकदासुद्धा. हे तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून लिहिलं.


मांजरसुंबा,
१५ मार्च

हनुमान,

पत्त्यावरून कळलंच असेल. मी निघून आलो. इथं फाट्यावर एका ढाब्यात आहे. सोलापूरला जाणारे, औरंगाबादला जाणारे, सगळे इथं थांबतात. मी टेबलं पुसतो आणि गाड्यांचे नंबर बघतो. तुझ्या वाळूजला जाणारी गाडी दिवसातून दहादा इथं थांबते. परवा एका क्लीनरशी बोलणं झालं, त्याला विचारलं, मलाही नेशील का. तो म्हणाला बस. मी बसलो नाही. हात पुसत बसलो.

इथला मालक बंकट, तो ग्राहकाला बघून ठरवतो की वरणात किती पाणी. पंजाबी ड्रायव्हर आला की पाणी कमी. आपला माणूस आला की जास्त. मी विचारलं असं कावून, तर म्हणे, "आपलं मानूस शिव्या देतंय पन परत येतंय." मला पटलं नाही. शिव्या न देता जाणारी आपली माणसंसुद्धा असतात. ती परत येत नाहीत.

मला तुला एक सांगायचं आहे आणि मी पहिल्या पत्रापासून सांगत नाहीये. यापूर्वी याच कागदाच्या दोन आवृत्त्या चुलीत गेल्या. तुझी सही टपालानं आली असती तर बरं झालं असतं, भिंत पडली असती आणि मला हे लिहावं लागलं नसतं. मी तेच बघत होतो. म्हणूनच तुला लिहिलं, येऊ नको.

तू सही पाठवू नकोस. थांब. मी कड्याला जातो, मग लिहितो. इथून नाही लिहिता येत, मागून बंकट बघतो आणि म्हणतो, "कुनाला लिहितूस बे, बायकू पळाली काय?"

रवि


कडा,
३० मार्च

हनुमान,

परवा पाडवा झाला. मी आल्या आल्या धुळाजीनं मला माळवदावर नेलं. म्हणाला, पाडायच्या आधी बळदाचं तोंड उघडून बघू, आत दगड किती सैल आहेत. मी म्हणालो, राहू द्या. तो म्हणाला, "राहू द्या म्हनून भिंती पडत न्हाईत."

आता सरळ लिहितो, मधे कुठं जाणार नाही.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात लिंपणाची पाळी आमच्या घराची होती. म्हणजे माझी. किल्लारीच्या भूकंपाच्या आधी लोक माळवदाकडं बघतही नसत. त्यानंतर सगळे भ्यायले होते, माती किती, वजन किती, कुठं चीर आहे का. आप्पा तर रोज वर. मी सातही घरांवर पांढरी माती पसरली, तुडवली. मग सहा बळदांची सहा झाकणं लिंपायची. तुला माहीत आहे, ज्वारी ओतून झाल्यावर दगड बसवायचा आणि माती, शेण, राख, भुसा चार दिवस भिजवून मुरवलेला गारा चारी बाजूंनी वीतभर चढवायचा. वर ओल्यात उजव्या हाताचा पंजा उठवायचा. पंजा म्हणजे हे तोंड बंद झालं, मी जामीन.

पाच झाकणं मी नीट केली, महादेवाच्यान. सहावं आपलं, चार आणि पाचमधलं. तिथं पोचलो आणि गारा संपला. नवीन मुरवायला परत चार दिवस. आणि खाली रस्त्यावर कांद्याचा ट्रक उभा होता, नगर, तिथून पुढं थेट सुरत. ड्रायव्हर कधीपासून हॉर्न देत होता. मी समुद्र बघितला नव्हता. सुरतेला समुद्र आहे असं मला वाटलं होतं. (तिथं नदी आहे. समुद्र अजून पुढं आहे. मला तोही दिसला नाही.)

मी जुन्या भेगाळलेल्या मातीवरच शेणाचा पातळ सडा फिरवला. नवं दिसावं म्हणून. त्याच्यावर पंजा उठवला. खाली उतरलो आणि ट्रकवर चढलो. आप्पा दुसऱ्या दिवशी काठी टेकत वर गेले असणार, सहा पंजे मोजले असणार आणि खाली येऊन निवांत झोपले असणार. त्यांनी कधी माती दाबून बघितली नाही. पंजावर कुणी संशय घेत नाही, शंभर वर्षांत कुणी घेतला नाही.

आषाढात पाणी त्या तोंडातून आत गेलं. ज्वारी फुगली. फुगलेली ज्वारी दगडाला ढकलते, भिंतीला पोट येतं. ते काकूच्या बाजूला फुटलं.

भिंत फुटल्यावर आठवड्यानं मी आलो. सगळ्यात आधी कुठं गेलो सांगू? काकूकडं नाही, तुझ्याकडं नाही. पावसात माळवदावर गेलो. आमच्या परसातल्या ओल्या मातीचा गोळा घेऊन, मुरवलेला नाही, काही नाही, झाकणावर वीतभर चढवला. माझा पातळ सडा आणि त्याच्यावरचा पंजा त्याखाली झाकला.

आणि मग खाली आलो तर तू ओट्यावर ट्रंक बांधत बसला होतास. तू मला विचारलंस. शब्द न शब्द आठवतो. "रव्या, तुला तरी वाटतंय का रं, पाइपानं झालं?" मी म्हणालो, "असंल बे. पाइप लई उंच व्हता."

तू ट्रंकेची दोरी आवळलीस. मी गाठ मारायला बोट दिलं.

परवा धुळाजीनं पहार लावली. वरचा माझा जाड थर पापडासारखा सुटून आला. खाली पातळ सडा, चार वर्षं झाकलेला, जसाच्या तसा. आणि त्याच्यावर पंजा. करंगळी बाहेर वाकलेली. बैलगाडीच्या चाकात माझी करंगळी कधी आली ते तुला आठवत असेल, तूच ओढून काढली होतीस. धुळाजीनं पंजा बघितला. माझा हात बघितला. त्यानं बिडी काढली. मग दगड उचलला. दगडाखाली काळा झालेला ज्वारीचा गोळा होता, मोड येऊन वाळून गेलेला, मुळं दगडाला चिकटलेली. पाणी तिथूनच गेलं होतं. तुझ्या पाइपाचं भोक चार हात लांब. धुळाजीनं त्यात हात घातला, चिमूटभर माती काढून मला दाखवली. आतला भुसा पिवळा होता, कोरडा. तिथं कधी पाणी गेलंच नाही.

आधी काकूला सांगितलं. घागर घेऊनच गेलो, हातात काहीतरी हवं म्हणून. ती मेथी निवडत होती.

"काकू, ते अँटिनानं झालं न्हाई."

"मंग?"

"माज्यानं झालं." आणि सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसं.

तिनं मेथी निवडायचं थांबवलं नाही. काडी काडी वेगळी करत राहिली. मग विचारलं, "कवापासून ठाव हाय तुला?"

"आलो त्याच दिवसापासून."

"त्याच दिवसापासून." ती काडीकडं बघत म्हणाली. "माझं लेकरू चार वर्सं तोंड लपवून तिकडं ऱ्हायलंय. बापाच्या म्हाळाला आलं न्हाई. मला वाटायचं, बायको केली आसंल आन् सांगत नसंल. आन् तू रोज सकाळी माज्या रांजनात पानी वततोस."

मी घागर रांजणापाशी टेकवली.

"ते पानी तू माज्यासाठी न्हाई भरलंस रव्या. सवताच्या जिवासाठी भरलंस. उचल ती घागर."

मी म्हणालो, आजचं तरी राहू द्या. ती म्हणाली, "उचल."

मी उचलली. उंबऱ्यावर पोचलो तेव्हा म्हणाली, "त्याला लिही. आन् आप्पाला तोंडानं सांग. आप्पाला चिठ्ठी लिहू नगंस."

आप्पांना सांगितलं. ते जेवत होते. त्यांनी हात धुतला आणि आतल्या खोलीत जाऊन लिंगाची पूजा करत बसले, भर दुपारी. अजून माझ्याशी बोललेले नाहीत.

मी अण्णाला कळवलंय की तू येऊन बघेपर्यंत कुणी भिंतीला हात लावायचा नाही. तो फोनवर एवढा ओरडला की बूथवाल्यानं बाहेर डोकं काढलं. पण झाकण उघडं ठेवलंय, वर पत्रा टाकलाय, पंजा तसाच आहे. ये आणि बघ. माझ्यासाठी येऊ नको. मी काय मागतोय असं नाही. पण ती पाटावर बसून दाराकडं तोंड करून असते, आणि तू जे समजून तिथं राहिलास ते खरं नव्हतं.

रवि


कडा,
९ मे

हनुमान,

तू येऊन गेलास आणि मी परत लिहितोय. मला कळतंय, तू वाचशील असं नाही. तोंडावर बोलता आलं नाही म्हणून लिहितोय एवढंच.

तुझी जीप गल्लीत वळली तेव्हा मी आमच्या ओट्यावर होतो. तू आधी माळवदावर गेलास. एकटा. किती वेळ वर होतास ते मला सांगता येईल, पण सांगत नाही. मग खाली आलास आणि घरात गेलास. त्यानंतर भिंतीच्या पलीकडून काकूचा आवाज आला. ती रडत नव्हती, तुला शिव्या देत होती. "मेल्या, येक पत्र तरी धाडायचं! येक कार्ड!" आणि तू हसलास. चार वर्षांत त्या भिंतीतून हसणं आलं नव्हतं. मी कान लावून ऐकत होतो, खोटं कशाला बोलू.

काकूला तू घेऊन जाणार हे मला जीपमध्ये गादी टाकलेली बघून कळलं. मला वाटलं होतं तू येशील, म्हणजे परत राहायला येशील. का वाटलं होतं कुणास ठाऊक. वाळूजला तुझी नोकरी, खोली, सगळं. इथं काय आहे.

आप्पा ओट्यावर आले तेव्हा मला वाटलं त्यांना चक्कर येणार. बाजार भरलेला होता. त्यांनी काठी दारावर आपटली. "ऐका हो! चार वर्सांमागं ह्याच वट्ट्यावरून मी ह्या पोराला बोललो व्हतो. ते खोटं व्हतं. भीत माज्या पोरानं घालवली. ह्यानं न्हाई." मिरच्यांवाली सुद्धा तोलायची थांबली. तू काय बोललास ते मी दहा माणसांना विचारून खात्री केली, कारण मला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. तू म्हणालास, "आप्पा, बसा तुमी. ऊन लई हाय."

काकूला खुर्चीसकट उचलायचं होतं. तू एका बाजूला, ड्रायव्हर एका बाजूला, आणि मागची बाजू झुकत होती. मी पुढं झालो. तू माझ्याकडं न बघता म्हणालास, "ऱ्हाऊ दे." बस्स. मी हात मागं घेतला. काकूनं मात्र बघितलं माझ्याकडं. गाडी सुरू झाल्यावर म्हणाली, "आता कुनाचं पानी भरशील रं?" हे तिनं चिडून विचारलं की कसं, ते मी अजून ठरवतोय.

संमतीचा कागद तू बॉनेटवर ठेवून सही केलीस आणि किल्ली आप्पांकडं दिलीस. बरोबर केलंस.

अक्षयतृतीयेला भिंत पाडली. मीही होतो, पहार माझ्याच हातात होती. पाच दिवस लागले. दगडांच्या मधे जुन्या ज्वारीचे दाणे निघत राहिले, काळे, हलके, फुंकर मारली की उडतात. धुळाजी म्हणाला, शंभर वर्सं ह्या भितीनं दोन घरं तोलली, एवढे दिवस कोन तोलतंय. मी त्याचं ऐकत नव्हतो. मी बघत होतो की आमच्या आतल्या खोलीत उभं राहिलं की तुमची चूल दिसते. कधीच दिसली नव्हती. तिथं काकूनं भिंतीवर कोळशानं रेघा मारलेल्या आहेत, ओळीनं. चार चार उभ्या आणि एक आडवी. कशाच्या ते माहीत नाही. मी मोजल्या नाहीत.

अण्णाची नवी भिंत आता छातीपर्यंत आली. विटांची, नऊ इंची, फक्त आमची. तुमच्या बाजूला चार बोटं सोडून. इंजिनिअर म्हणतो, सोडावीच लागतात. तुझी भिंत तू बांधशील तेव्हा बांध, तुझ्या हद्दीत.

पण तोवर पाच नंबरची एक अख्खी बाजू उघडी आहे. शेळ्या आत जातात. परवा एक कुत्रं चुलीपाशी व्यालं. मी शेळ्या हाकलतो, कुत्रीला नाही हाकललं. तो सुरतचा ड्रायव्हर आला होता, स्टँडवर भेटला. "चल बे," म्हणाला. मी म्हणालो, ह्या वक्ताला नको. तो म्हणाला, तुला काय धाड भरली.

मी तुमच्या उघड्या बाजूला ताडपत्री बांधलीय. निळी, जाड, कारखान्यावरून आणलेली. तुळईला दोऱ्या ओढून, खाली दगड ठेवून. मिरगाच्या आधी एवढं झालं पाहिजे असं वाटलं. तुला विचारलं नाही, घर तुझं आहे, विचारायला हवं होतं. म्हणून आता विचारतो. तुला चालत नसेल तर काढून टाकतो, त्याच दिवशी. पण तसं तू सांग. आप्पांना नको, अण्णाला नको. मला.

पानभर लिहायला नको. पोस्टकार्डावर 'काढ' एवढं लिहिलंस तरी मला पोचेल.

रवि